सोल्डरिंगसाठी कुठलं भिंग घेऊ?

प्रश्न : वय 61. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायची जुनी खोड आहे. मोठे पार्ट अजून जमतात, पण एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे बारीक पार्ट) आलं की संपलंच, आयसीचे (चिपचे) दोन पाय जोडले गेलेत की मधे फट आहे हेच कळत नाही. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. डोक्याला लावायचं 20 एक्सचं भिंग घेतलं तर बोर्ड नाकाला टेकवावा लागतो, आयर्न घालायचा कुठून? आता सरळ मायक्रोस्कोपच घेऊ का?

उत्तर : घ्या, पण शेवटी घ्या. तुमचं भिंग खराब नाहीये, आकडा नको तेवढा मोठा आहे. भिंग जितकं पॉवरफुल तितकं ते वस्तूच्या जवळ न्यावं लागतं, साध्या भिंगात यातून सुटका नाही. 10 पटीच्या साध्या भिंगाला जेमतेम अडीच सेंटीमीटर अंतर मिळतं आणि 20 पटीला त्याच्याही निम्मं, म्हणजे आयर्नचं टोक, चिमटा, सोल्डरची तार आणि वर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात त्या रसायनाचा) धूर एवढं सगळं त्या फटीत मावायला हवं, ते कसं मावणार! असली भिंगं काम झाल्यावर सांधा तपासायला झकास, काम करायला नाही. त्यामुळे दुकानात "किती एक्स" हे नंतर विचारा, आधी "किती अंतरावरून दिसतं" ते विचारा. हात मोकळे चालायला निदान 15-20 सेंटीमीटर तरी लागतात.

हिशोब सोपा आहे. 100 ला डायऑप्टरने (काचेच्या नंबराने) भागलं की अंतर सेंटीमीटरमध्ये मिळतं, म्हणजे 5 डायऑप्टरला 20 आणि 10 डायऑप्टरला 10. दिवा जोडलेल्या भिंगांवर 3 किंवा 5 डायऑप्टर लिहिलेलं असतं, ते साधारण पावणेदोन आणि सव्वादोन पट. ऐकायला कमी वाटतं ना? पण 0805 (हे एसएमडी पार्टच्या मापाचे कोड) चा रेझिस्टर 2 मिमी लांब, 0603 चा 1.6 मिमी, एवढ्याला दोन-अडीच पट नीट उजेडात बहुतेकांना पुरतं. खरी मारामारी 0402 पासून, तो 1 मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद, आणि तुम्ही म्हणताय तसल्या अर्धा मिमी पिचच्या (एका पायाच्या मध्यापासून शेजारच्या पायाच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या) आयसीला.

आता चष्मा. माझ्या मते निम्मा घोळ इथेच आहे. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या चिंचोळ्या पट्टीत असतो, म्हणून बोर्ड बघायला हनुवटी वर करावी लागते आणि तासाभरात मान धरते. शिवाय तो नंबर पुस्तकाच्या अंतराचा, 40 सेंटीमीटरच्या आसपासचा. बोर्ड ठेवून तुम्ही नेहमीसारखे बसा, घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून बोर्डापर्यंत टेपने मोजायला सांगा आणि तो आकडा घेऊन चष्मेवाल्याकडे जा, "या अंतराचा सिंगल व्हिजन (पूर्ण काचेत एकच नंबर असलेला) चष्मा द्या, फक्त बाकावर वापरायचाय" म्हणा. अंतर 25 निघालं तर दूरच्या नंबरावर साधारण प्लस 4 लागेल. तयार मिळणारे प्लसचे चष्मे तात्पुरते चालतात, पण तुम्हाला सिलिंड्रिकल नंबर असेल किंवा दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर ते डोकं दुखवतात. प्लस 4 च्या पुढे जायचं झालं तर प्रिझम असलेले अर्धे चष्मे मिळतात ते विचारा, एवढ्या जवळ बघताना डोळे आत वळवून वळवून थकतात, तो ताण प्रिझम कमी करतो.

चष्म्याआधी खरं तर उजेड. वय वाढलं की बुबुळाचं छिद्र अंधारात पूर्वीइतकं उघडत नाही आणि आतली लेन्स पिवळट होत जाते, त्यामुळे त्याच दिव्याखाली तरुण माणसाला जे लख्ख दिसतं ते आपल्याला मळकट. गोल ट्यूबचा भिंगदिवा उजेड भरपूर देतो, पण सगळीकडून सारखाच, आणि सोल्डर चकाकतं. एक छोटा एलईडी दिवा बाजूने, खालच्या कोनातून मारून बघा, ब्रिज (दोन पाय सोल्डरने जोडले गेलेले) असेल तर सावलीतली फट गायब झालेली लगेच दिसते. आणि हो, भिंगदिव्यावर काम नसताना कापड टाका, खिडकीचं ऊन त्यातून गेलं तर बाक जळू शकतो.

डोक्याचं भिंग घ्यायचंच तर चष्म्यावरून बसणारं, अडीच पटीचं, 20 सेंटीमीटरवालं घ्या. डेंटिस्ट लावतात ते लूप (चष्म्यावर बसवलेल्या छोट्या दुर्बिणी) याहून सुखाचे, अडीच-साडेतीन पट असूनही 35-40 सेंटीमीटरवरून दिसतं आणि मान ताठ राहते, फक्त खिसा बघा.

एवढं करूनही अर्ध्या मिमीचे पाय जमले नाहीत तर मग स्टिरिओ मायक्रोस्कोप, दोन्ही डोळ्यांनी बघायचा. नेहमीचा 7 ते 45 पटीचा असतो, खाली साधारण 10 सेंटीमीटर जागा. त्याला 0.5 एक्सची जोडलेन्स लावा, पट निम्मी होते पण जागा वाढते, आणि सोल्डरिंगला बहुतेक वेळ 5 ते 10 पटीच्या पलीकडे जावंच लागत नाही. खाली फ्लक्सच्या वाफेसाठी साधी काच किंवा फिल्टर लावा, नाहीतर लेन्सवर चिकट थर बसतो आणि मग वाटतं डोळेच गेले.

प्रश्न : मग यूएसबीवाला स्वस्त मायक्रोस्कोप चालेल का?

उत्तर : तपासायला आणि फोटो काढायला छान. पण चित्र स्क्रीनवर किंचित उशिरा येतं आणि सपाट असतं, त्यामुळे आयर्नचं टोक पॅडला (बोर्डावरच्या सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेला) टेकलंय की वर तरंगतंय हे कळत नाही. एचडीएमआय केबलने थेट स्क्रीनला जोडायच्या मायक्रोस्कोपमध्ये उशीर कमी, सवयीने जमतं काहींना. खोली मात्र त्यातही दिसत नाही.

प्रश्न : रेझिस्टरचे रंगही हल्ली चुकतात.

उत्तर : तीच पिवळट लेन्स, निळा-जांभळा आधी फिका पडतो. पांढऱ्या एलईडीखाली बघा आणि बसवण्याआधी मीटरने मोजाच, डोळ्यावर सोडू नका. मात्र बोर्डावरच्या सरळ ट्रॅक वाकड्या दिसायला लागल्या, किंवा एकाच डोळ्याला अचानक धूसर झालं, तर भिंग शोधत बसू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.