मासा न बघता त्याचं घर नकाशावर कसं दाखवतात?

तुमचा प्रश्न असा आहे, की अंटार्क्टिकाच्या समुद्रात हजार मीटर खोल क्वचितच कुणी उतरतं, मग तिथले मासे कुठे राहतात याचे रंगीत नकाशे येतात कुठून आणि ते खरे धरायचे का? मी असेच नकाशे बनवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कृती तशी सरळ आहे. मासा जिथे सापडला त्या नोंदी घ्यायच्या. त्या जागेची खोली, तळाचं तापमान, क्षारता, उतार, वर बर्फ किती काळ टिकतो, हे त्यांना जोडायचं. मग मॅक्सएंटसारख्या प्रोग्रॅमला, म्हणजे मॉडेलला, विचारायचं, अशी परिस्थिती आणखी कुठे आहे?

माझा पहिला नकाशा अंटार्क्टिक टूथफिश या तिथल्या मोठ्या माशाचा होता. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात, तळाच्या उतारावर लालभडक पट्टा (म्हणजे मासा असण्याची शक्यता जास्त) उमटला आणि मी हरखून गेले. मग त्यावर मासेमारी जहाजांनी गळ टाकलेल्या जागांचे ठिपके ठेवले, तर पट्टा आणि ठिपके तंतोतंत एकावर एक! मॉडेलने जहाजं कुठे जातात तेच शिकून घेतलं होतं. कोणत्या खोलीवर मासा असण्याची शक्यता किती, या आलेखात तर रेघ ५५० मीटरपाशी एकदम वर चढत होती. का, तर त्याहून उथळ पाण्यात या माशासाठी गळ टाकायला तिथे मनाई आहे. मासा मात्र उथळ भागातही असतो. रॉस समुद्राच्याच मॅकमर्डो साउंड या भागात संशोधकांनी बर्फाला भोकं पाडून तो पकडलेला आहे.

माशाच्या नोंदींशी ताडून बघायला मॉडेलला इतर जागांचे बिंदूही द्यावे लागतात; तेव्हापासून मी तेसुद्धा जहाजं पोचतात तिथूनच घेते. चाचणीसाठी नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडत नाही, एक अख्खा प्रदेश बाजूला ठेवते. मॉडेलचे अचूकतेचे गुण धाडकन खाली येतात, पण ते खरे असतात.

दुसरी अडचण तापमानाची. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास गोठतं आणि तिथला तळ बहुतेक ठिकाणी त्याच्या थोडासाच वर असतो. म्हणजे एका अंशाचा फरकही तिथे प्रचंड. २०२१ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने वेडेल समुद्रात तळाजवळून कॅमेरा ओढत नेला, तेव्हा आइसफिशची घरटी एकामागून एक दिसतच राहिली. पाऊण मीटर रुंदीचे गोल खळगे, त्यात अंडी आणि बऱ्याच खळग्यांत राखण करणारा एक मासा. २४० चौरस किलोमीटरमध्ये अंदाजे ६ कोटी घरटी! तिथलं तळाचं पाणी आसपासच्यापेक्षा २ अंशांपर्यंत उबदार होतं. असा उबदार पट्टा जगभराच्या ढोबळ तापमान-नकाशात सहज पुसला जातो, आणि तो पुसला की मॉडेलला ती वसाहत दिसणं शक्यच नाही.

म्हणून असा नकाशा हाती आला, की त्याच्या शेजारी अनिश्चिततेचा नकाशा, म्हणजे अंदाज कुठे किती कच्चा आहे ते दाखवणारा, दिलाय का ते आधी बघा. नसेल, तर नोंदी नेमक्या कुठून घेतल्या ते विचारा. मोकळ्या जागेचा अर्थ ‘मासा नाही’ असा घेऊ नका. बहुतेक वेळा तिथे कुणी गळच टाकलेला नसतो.