गीझरआधी भिंत बघा

प्रश्न : न्हाणीघरात २५ लिटरचा गीझर बसवायचाय. भिंतीला ओल आहे, पोपडे निघालेत. बसवणारा म्हणतो, काही होत नाही. काय करू?

उत्तर : ‘काही होत नाही’ म्हणणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो, गीझर तुमच्या डोक्यावर राहतो! २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो, टाकीचं वजन वेगळंच. भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ, भद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय. तिथे गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती खुंटी) ठोकली तरी ती विटेत पकडत नाही. मी उमेदवारीत घाईघाईत असाच एक गीझर टांगला होता. चार महिन्यांत एका बाजूने कलला. नशीब, खाली कुणी आंघोळ करत नव्हतं.

आता ओल. घरातले सगळे नळ बंद करून, टाकी भरत नसताना पाण्याचं मीटर पाहा. तरीही फिरत असेल तर कुठेतरी पाइप गळतोय, आणि तो कदाचित याच भिंतीत असेल. नळाच्या किंवा स्विचच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू देऊ नका. पाइप, वायरी बहुधा तिथूनच जातात. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. साध्या टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे, असं मुळीच नाही.

गळती काढून भिंत वाळेपर्यंत थांबा. तोवर पाणी चुलीवर तापवा.