ती कोण आहे आणि तिचा जीव कुणावर जडतो

मेलबर्नला राहणाऱ्या, मूळच्या आर्वी तालुक्यातल्या एका आईचे पत्र माझ्यापुढे आहे. जिला घरातल्या सगळ्यांनी मुलगा म्हणून वाढवले त्या चोवीस वर्षांच्या लेकीने दीड वर्षापूर्वी आपण स्त्री असल्याचे सांगितले, आणि ते स्वीकारताना आईवडिलांची बरीच ओढाताण झाली. आता लेक म्हणते की तिचे एका मुलीवर प्रेम आहे. "मुलीच आवडायच्या होत्या, तर मुलगा म्हणून राहण्यात काय अडचण होती? लग्न झाले असते, सगळे सरळ झाले असते," असे आईने लिहिले आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या सासूबाईंनी ओसरीवरून विचारले, "पोराच्या हातात बांगडी कायची दिसून रायली?" आणि आईने काही न बोलता फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर पालथा घातला.

ताई, हा प्रश्न तुम्ही रागाने नव्हे, दमून विचारला आहे हे पत्रातून कळते, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देते. तुमच्या लेकीने तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि तुम्ही दुसरीवरून पहिली तपासून पाहत आहात. आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत किंवा या दोन्हींत न बसणारे आहोत, ही आतून असणारी जाणीव म्हणजे लिंगभावाची ओळख. आपल्याला ओढ कुणाची वाटते, हा लैंगिक कल. तुम्ही स्वतःचेच आठवून पाहा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत दारोदार फिरण्याच्या वयात, कुणी आवडणे म्हणजे काय याचा गंधही नसताना, तुम्ही मुलगीच होता आणि ते तुम्हाला ठाऊक होते. ज्या बाईने जन्मभर लग्न केले नाही, तिला आपल्या गावात कुणी बाई मानत नाही असे कधी झाले आहे का?

समुपदेशनाच्या कामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील पारलिंगी स्त्री, म्हणजे तुमच्या लेकीसारखीच जन्मावेळी मुलगा मानली गेलेली स्त्री, माझ्याकडे येत असे. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरला की सहा वर्षांची ती त्या ढिगामागे जाऊन आजीचे जुने लुगडे अंगाला गुंडाळून बसायची. बाहेरून हाक आली की लुगडे कापसात खुपसून, केसांना चिकटलेला कापूस झटकत बाहेर यायची. आपल्याला मुली आवडतात हे तिला कळले ते दहावीनंतर. या दोन जाणिवांमध्ये दहा वर्षांचे अंतर होते, आणि पहिली जाणीव दुसरीची वाट पाहत थांबली नव्हती.

पुढे ती उपचारांसाठी एका डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पुरुष आवडतात ना?" आणि तिने भीतीने "हो" म्हटले, कारण खरे सांगितले तर शिफारसपत्र मिळणार नाही असे तिला वाटले. हे ऐकून मी फार अस्वस्थ झाले होते. पाश्चात्त्य देशांतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच काळ अनेक दवाखान्यांनी हाच निकष लावला. पुरुषांची ओढ असलेली तीच 'खरी' पारलिंगी स्त्री, असे धरून बाकीच्यांना परत पाठवले जाई, त्यामुळे रुग्ण डॉक्टरांना हवे तेच सांगत आणि त्या उत्तरांवरून डॉक्टरांचा समज आणखी पक्का होई. त्याच समजुतीने आज तुमचेही घर व्यापले आहे, म्हणून ती कुठून आली हे सांगावेसे वाटले. अमेरिकेत 2015 साली पारलिंगी व्यक्तींचे मोठे सर्वेक्षण झाले, त्यात 27,715 जणांनी भाग घेतला. त्यातल्या पारलिंगी स्त्रियांपैकी स्वतःला भिन्नलिंगी म्हणवणाऱ्या, म्हणजे केवळ पुरुषांची ओढ असणाऱ्या, पाचात एकीच्या आसपासच होत्या. बाकीच्यांत समलिंगी होत्या, स्त्री-पुरुष दोघांचीही ओढ वाटणाऱ्या होत्या, कुणाचीच ओढ न वाटणाऱ्याही होत्या. काहींचा कल उपचारांदरम्यान किंवा नंतर बदलतो, अनेकींचा तसाच राहतो. तुमच्या लेकीची ओढ आधीही मुलींकडेच होती; ती स्वतःला स्त्री म्हणू लागल्यावर त्या ओढीचे नाव तेवढे बदलले.

गावाकडच्या लोकांना हे अवघड का जाते, तेही समजून घ्यायला हवे. बाळंतपणाच्या घरी टाळ्या वाजवत आशीर्वाद द्यायला येणारे तृतीयपंथी आपल्याकडे सर्वांनी पाहिलेले असतात, आणि त्यांच्याबद्दल गावाचा एकच ठोकळ हिशोब असतो: बाईसारखे वागणे म्हणजे पुरुष आवडणे. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाने लेकीला मोठ्या मायेने स्वीकारले, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा काका म्हणाला, "बाई झाली तं झाली, आता तिच्यासाठी पोरगा पाहा लागन." त्याच्या बोलण्यात तिरस्काराचा लवलेशही नव्हता, तरी तुमची झाली तीच चूक त्याचीही झाली होती: ती कोण आहे यावरून तिला कोण आवडावे हे त्याने ठरवून टाकले होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगभावाची ओळख आणि लैंगिक कल या दोन भिन्न संकल्पना असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला. विवाहाच्या बाबतीत मात्र कायदा आजही हे दोन प्रश्न एकमेकांत अडकवतो. त्याच न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानुसार भिन्नलिंगी नात्यातील पारलिंगी व्यक्तीला प्रचलित कायद्यांखाली विवाह करता येतो, पण समलिंगी विवाहाला त्या निकालाने मान्यता दिली नाही. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2017 पासून दोन स्त्रियांचा विवाह कायदेशीर आहे. म्हणजे तुमच्या लेकीचा संसार मेलबर्नला कागदोपत्री उभा राहू शकेल आणि गावाकडे त्याला तसे स्थान मिळणार नाही; हे तिच्यासमोर नीट बसून बोला, कारण पुढे वावराच्या वाटणीचा आणि वारसाचा विषय निघेल तेव्हा वकिलाचा सल्ला लागेलच.

दिरांनी कुणा डॉक्टरांचे नाव कळवले आहे, ते असे 'प्रकार' बरे करतात म्हणे. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये अशा तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, आणि तुम्ही राहता त्या व्हिक्टोरिया राज्यात तर ते कायद्यानेच बंद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात पारलिंगी असणे हे मानसिक आजारांच्या यादीत राहिलेले नाही. दिरांना एवढे कळवा आणि विषय तिथेच थांबवा.

आता सासूबाईंचे. त्यांना एकाच फोनवर सगळे सांगण्याचे ओझे तुम्ही उगाच डोक्यावर घेतले आहे. त्यांनी बांगडीबद्दल विचारले, तेवढ्याचे उत्तर द्या: आपला नातू ही खरे तर नात आहे. तिचे प्रेम कुणावर आहे ही तिची स्वतःची गोष्ट आहे, ती कधी सांगायची आणि सांगायची की नाही, हे तिच्यावर सोडा, "मग नवरा कधी पाहता?" असे विचारणे आले, तर "ते ती ठरवेल" एवढे पुरे, कारण लग्नाच्या वयाच्या कोणत्याही लेकीबद्दल तुम्ही हेच म्हणाला असता. फोन करण्याआधी लेकीला विचारून घ्या की ती समोर बसणार आहे का आणि आजीने तिला कोणत्या नावाने हाक मारावी. महालक्ष्म्यांना गावी जायचे म्हणता, तर हे त्याआधी दोन महिने व्हावे, म्हणजे सासूबाईंना शेजारच्या बायांना काय सांगायचे याचा विचार करायला सवड मिळेल. त्यांचे वय ऐंशीच्या घरात असल्याचे लिहिले आहे. ऐकू कमी येत असेल, तर सावकाश, वऱ्हाडीतच बोला: "माय, थे बांगडी मीच घेऊन देली तिले."