शंका-समाधान : ‘पाथ’मधले टिंब

प्रश्न : महाविद्यालयाच्या सामाईक लिनक्स सर्व्हरवर ‘पाथ’मध्ये (आज्ञांचे प्रोग्रॅम कुठे शोधायचे, त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) चालू डिरेक्टरीचे टिंब घालू नका, असे सांगतात. ते शेवटी ठेवले तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. आज्ञा दिल्यावर शेल (आज्ञा घेऊन त्या चालवणारी प्रणाली) ‘पाथ’मधील डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळते आणि त्या नावाचा पहिला प्रोग्रॅम सापडताच तो तुमच्या अधिकारांनिशी चालवते. टिंब सुरुवातीला असेल, तर सर्वांना लिहिण्यास खुल्या असलेल्या ‘टीएमपी’ या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत कोणी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) या नावाने ठेवलेली स्क्रिप्ट, तुम्ही तिथे ‘एलएस’ टाइप करताच, तुमच्या फाइलींच्या परवानग्या गुपचूप बदलते आणि मग खरी ‘एलएस’ चालवून नेहमीसारखी यादी दाखवते, त्यामुळे संशयही येत नाही. शेवटच्या टिंबाने हा धोका टळतो खरा, पण घाईत ‘एसएल’ टाइप झाले तर? त्या नावाची फाइल पेरून वाट पाहणारे महाभाग असतातच. शिवाय ‘पाथ’मध्ये डिरेक्टऱ्या वेगळ्या करणारे दोन कोलन लागोपाठ आले किंवा शेवटी एखादा उरला, तरी त्या रिकाम्या जागेचा अर्थ चालू डिरेक्टरी असाच होतो; हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्वतःचा प्रोग्रॅम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी. रूट (सर्वाधिकार असलेल्या) खात्यात तर हे पथ्य पाळण्याला पर्यायच नाही.