मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावर त्या हाताची नाडी लागत नाही. काळजीचं आहे का?

तुमच्या वडिलांची उजव्या मनगटातून अँजिओग्राफी होऊन आठवडा झालाय. हात दुखत नाही, पण घरी बीपी बघायला आलेल्या सिस्टरांना त्या हाताची नाडी सापडली नाही. हॉस्पिटलला फोन केला तर "होतं कधीकधी, सोडून द्या" असं उत्तर मिळालं, आणि हाताला धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय. हाताला बहुधा धोका नाही. पण ‘सोडून द्या’ मला पटत नाही. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही, म्हणून औषधाचं नाव-डोस सांगणार नाही. बाकी जे रोज बघतो ते सांगतो.

आधी घाईचं. बोटं पांढरी किंवा निळसर पडली असतील, गार लागत असतील, बधिर झाली असतील, किंवा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग सुजून टणक झाला असेल, तर पुढचं वाचू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

तसं काही नसेल तर प्रकार असा असतो. पंजाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या दोन. अंगठ्याकडची रेडियल, करंगळीकडची अल्नर. तळव्यात त्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. वाडीला दोन रस्ते असावेत आणि एक बंद पडला तरी बाजारहाट चालू राहावा, तसं. त्यामुळे रेडियल गुठळीने बंद झाली तरी बहुतेकांना कळतही नाही. हे दुर्मीळ नाही. २०१६ साली ६६ अभ्यासांची आणि ३१ हजारांवर रुग्णांची आकडेवारी एकत्र केली गेली. पहिल्या चोवीस तासांत ७.७ टक्के जणांची ही धमनी बंद आढळली, आठवडा उलटल्यावर ५.५ टक्क्यांची. म्हणजे काहींची आपोआप उघडतेही.

गुठळी का होते? धमनी असते साधारण दोन-अडीच मिलिमीटरची, बायकांची आणि बारीक अंगाच्या माणसांची त्याहून लहान. तिच्यात जवळजवळ तेवढ्याच जाडीची शीथ, म्हणजे प्लॅस्टिकची नळी, सरकवतात. आतलं अस्तर खरचटतं, आणि वर प्रवाह थांबला की रक्त गोठायला निमित्तच मिळतं. म्हणून प्रोसिजरच्या वेळी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देतात. १९९६ च्या एका फ्रेंच अभ्यासात हेपॅरिन न दिलेल्यांपैकी ७१ टक्क्यांची धमनी बंद झाली होती. ५००० युनिट दिलेल्यांत हे प्रमाण ४.३ टक्के होतं.

पण माझं स्पष्ट मत सांगतो. हेपॅरिन हल्ली सगळेच देतात. खरा घोळ होतो तो नंतर, वॉर्डात, मनगटाच्या पट्ट्यापाशी. शीथ काढताना हवेचा पारदर्शक पट्टा बांधून त्यात सिरिंजने साधारण १५ मिली हवा भरतात. मग हळूहळू हवा सोडत जायचं. छिद्राशी रक्ताचा थेंब दिसला की थांबायचं आणि मिली-दोन मिली हवा परत भरायची. रक्त बाहेर येता कामा नये, पण आतून वाहत राहिलं पाहिजे. सगळं कसब या दोन मिलीत आहे. हृदयरोगतज्ज्ञ समीर पंचोली यांच्या २००८ च्या अभ्यासात ४३६ रुग्ण होते. नेहमीसारखा दाब दिलेल्यांत महिन्याभराने ७ टक्के धमन्या बंद होत्या, प्रवाह चालू ठेवून दाब दिलेल्यांत १.८ टक्के. प्रत्यक्षात काय होतं? रात्रपाळीला एक सिस्टर आणि वीस पेशंट. पट्टा दोन तासांत सैल व्हायचा तो सहा तास तसाच राहतो. त्यात नातेवाईक येऊन सांगतात, "जरा आवळा हो, रक्त येईल." (बोटं काळी-निळी पडली तरी पट्टा घट्ट आहे म्हणून समाधानाने झोपलेले पेशंट मी पाहिलेत.)

आता नाडीबद्दल. तुमच्या सिस्टरांना नाडी लागली नाही, हे एका अर्थी बरं झालं. कारण उलटंही होतं. रेडियल बंद असते, पण अल्नरचं रक्त तळव्यातल्या कमानीतून उलटं येतं आणि मनगटावर छान ठोका लागतो. नुसत्या बोटावर विसंबून "ठीक आहे" म्हटलेले कितीतरी जण असे निसटतात. साधी तपासणी अशी : अंगठ्यात ऑक्सिमीटर लावायचा, कोरोनात घरोघरी आला तोच, पण पडद्यावर लाट दाखवणारा. मग करंगळीकडची धमनी दाबायची. लाट सपाट झाली तर रेडियल बंद. हे घरी करून निष्कर्ष काढू नका, दवाखान्यात करून घ्या. खात्री होते ती हाताच्या धमन्यांच्या डॉपलर सोनोग्राफीने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने.

ती याच आठवड्यात करा. गुठळी ताजी असताना उपाय असतात. पहिल्या काही तासांत कळलं तर तासभर अल्नर दाबून धरली तरी रेडियलमधला प्रवाह वाढून ती कधीकधी उघडते. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. त्रास होत असेल तर काही आठवडे रक्त गोठू न देणारं औषध देतात, पण बाबांच्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा तो निर्णय कार्डिऑलॉजिस्टचाच. "रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू असताना गुठळी कशी?" असंही तुम्ही विचारलंय. त्या गोळ्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत, झालेली गुठळी विरघळवत नाहीत. मनाने त्या वाढवू नका, आणि स्टेंट बसवला असेल तर बंद करायचा विचारही नको.

हात शाबूत आहे तर एवढी धावपळ कशाला? कारण ही धमनी पुढे लागते. पुन्हा अँजिओग्राफी करायची झाली तर त्याच मनगटातून जाता येणार नाही. बायपासमध्ये हीच रेडियल काढून ग्राफ्ट म्हणून, म्हणजे हृदयाला रक्त नेणारी नवी वाट म्हणून, वापरतात. किडनीचा त्रास असेल तर डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची जोडणी, मनगटाशी याच धमनीवर करतात. मधुमेहात किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून बाबांना तो असेल तर हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

म्हणून मनगटातून प्रोसिजर नकोच, मांडीतूनच बरी, असं मात्र ठरवू नका. १९८९ मध्ये माँट्रियलच्या लुसियन काँपो यांनी मनगटातून अँजिओग्राफीचे पहिले अनुभव छापले, १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला फर्डिनांड किमेनेय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. मांडीच्या मानाने रक्तस्राव कमी आणि पेशंट त्याच दिवशी चालता, म्हणून ही पद्धत टिकली. अंगठ्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यातूनही आता करतात. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दोन्ही जागांची तुलना झाली, पट्ट्याची काटेकोर काळजी घेऊन, आणि दोन्हीकडे धमनी बंद होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आतच राहिलं.

डॉपलरमध्ये बंद निघालीच तर रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि ॲडमिट करताना दरवेळी तोंडीही सांगा. त्या हाताला आता अल्नरचाच आधार आहे, तिथे सुई-नळी घालण्याआधी समोरच्याला हे ठाऊक हवं.