पँझर फोरला खाली प्रायमर कुठला? लाल, ग्रे की काळा

तुमचे प्रश्न दोन आहेत. पँझर फोर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टँकच्या औस्फ एच, म्हणजे एच आवृत्तीचं १/३५ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल डंकेलगेल्बमध्ये, म्हणजे जर्मन गडद पिवळ्यात करताय, त्याला प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) ग्रे, काळा, पांढरा की ऑक्साइड रेड म्हणजे गंजासारखा लाल, आणि त्यानंतर पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचा १९७१ च्या युद्धातला सेंच्युरियन टँक घेणार आहात त्याला तोच डबा चालेल का.

खऱ्या टँकला लाल प्रायमर असायचा म्हणून मॉडेललाही लालच पाहिजे असं तुम्हाला बरेच जण सांगतील, पण वरचा रंग सगळं झाकणारच असेल तर खाली काय होतं याने फरक पडत नाही. फरक पडतो तो वरच्या रंगाची शेड कशी येते आणि तुम्ही टवके, म्हणजे रंग उडालेल्या जागा कुठे, किती दाखवणार आहात याने. डंकेलगेल्ब पिवळट रंग आहे, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) पातळ मारला की खालचा रंग वर डोकावतो. काळ्यावर मारलात तर हिरवट झाक येते, ती घालवायला अजून दोन-तीन हात मारत बसायचं आणि तोवर बोल्टची डोकी, वेल्डच्या रेषा बुजायला लागतात. पांढऱ्यावर तोच रंग कच्चा, भडक दिसतो. ग्रेवर साधारण बाटलीत आहे तसा येतो, आणि ग्रेचा मोठा फायदा म्हणजे सांध्याची रेष, पॉलिश पेपरचे ओरखडे, बोटाचे ठसे सगळं लगेच दिसतं. ऑक्साइड रेडवर जरा ऊबदार, मातकट येतो, आणि पँझरवर मला तोच आवडतो.

तुमच्या केसमध्ये लालच घ्या, पण कारण समजून घ्या. जर्मन गाड्यांचा बेस कलर १८ फेब्रुवारी १९४३ च्या हुकमाने गडद राखाडीवरून डंकेलगेल्ब झाला. औस्फ एच त्यानंतरचा, म्हणजे कारखान्यातूनच पिवळा निघालेला, त्यामुळे टवका उडाला की खाली थेट लाल प्रायमर. हाच जर १९४२ मधला औस्फ जी असता, आधी राखाडी आणि मग १९४३ मध्ये युनिटने वरून पिवळा फासलेला, तर टवक्यात आधी राखाडी दिसायला पाहिजे आणि लाल फक्त खोल ओरखड्यात. लोक इथेच गडबड करतात, मॉडेल कुठलं आणि कुठल्या महिन्यातलं ते न बघता सगळीकडे लाल ठिपके मारत सुटतात.

टवके खरंच उडवायचे असतील तर हेअरस्प्रे वापरा, आणि तिथे प्रायमरच्या रंगापेक्षा जात महत्त्वाची. लॅकर प्रायमर हवा, जो पाण्यातला नसून उग्र थिनरमधला असतो, म्हणजे तामिया कंपनीचा ऑक्साइड रेड स्प्रे डबा किंवा मिस्टर सरफेसर या प्रायमरचा तसा रंग. एक पूर्ण दिवस वाळू द्या, मग हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, वर तामिया किंवा वालेहो कंपनीचा अॅक्रिलिक पिवळा, आणि रंग हाताला सुकला की फार थांबू नका, ओल्या ताठ ब्रशने हळूहळू घासा, पाण्याने मधला हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवक्यांसारखा सुटतो. स्कर्टच्या, म्हणजे शुर्झनच्या पत्र्याच्या खालच्या कडा, हॅचच्या भोवती जिथे बूट लागतो, मडगार्डचे पुढचे कोपरे, एवढंच. पाणी वापरून घासताना वालेहोचा पाण्यातला प्रायमर खाली असेल तर कधीकधी तोही पापुद्र्यासारखा निघून येतो आणि प्लास्टिक उघडं पडतं, म्हणून लॅकर. किटवर झिमेरिट, म्हणजे जर्मन टँकवरचा खाचांचा लेप असेल तर प्रायमर अगदी पातळ मारा, नाहीतर त्याच्या खाचा भरून जातात. फोटोएच, म्हणजे पातळ पितळी पत्र्याचे बारीक भाग आणि धातूची तोफ असेल तर त्यांना आधी मेटल प्रायमर, नाहीतर नखानेही रंग निघतो.

चाकांच्या मागची बाजू आणि हलच्या (टँकच्या धडाच्या) खालचा भाग मात्र काळ्या प्रायमरने करा. तिथे ब्रश नीट पोचत नाही, आणि न रंगलेली जागा काळी राहिली तर सावली वाटते, लाल राहिली तर चूक वाटते. बाकी जुन्या किटच्या मऊ व्हिनिलच्या ट्रॅकवर लॅकर मारू नका, वाकवले की तडे जातात.

डब्याबद्दल एक सांगायलाच हवं कारण विचारणारे बहुतेक मुंबई-कोकणातले असतात. पावसाळ्यात हवेत ओल खूप असली की स्प्रेच्या लॅकरवर पांढुरकी धुरकट छटा येते. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा, किंवा बाटलीतला मिस्टर सरफेसर १५०० घेऊन लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून एअरब्रशने मारा, ते थिनर सावकाश सुकतं म्हणून त्रास कमी होतो. हा १५०० चा आकडा म्हणजे दाण्याचा बारीकपणा, ५०० जाड असतो आणि भरायला वापरतात. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा प्रायमर स्वस्त पडतो खरा, पण काही प्लास्टिक खातात, आधी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीत येतात तिच्या तुकड्यावर मारून बघा. आणि वाफेचा कार्ट्रिज मास्क घालाच, कापडी मास्कने वाफ अजिबात अडत नाही.

आता सेंच्युरियन. गडद हिरवा असल्याने लाल प्रायमरची गरज नाही, ग्रे मारा आणि सावलीच्या जागी वरून काळा पुसट फवारा, त्यावर हिरवा मधोमध जरा दाट आणि कडांना पातळ. टवके इथे अगदी थोडे ठेवा, बसंतरच्या, म्हणजे पूना हॉर्स जिथे लढली त्या नदीकाठच्या मातीची धूळच जास्त शोभते. १६ डिसेंबर १९७१ चा परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' हा टँक करणार असाल तर नाव आणि खुणांसाठी त्या काळचे फोटो बघा. नगरच्या टँक म्युझियमला गेलात तर सेंच्युरियन जवळून बघायला मिळतो, बोल्ट, वेल्ड, स्टोवेज बॉक्स (सामानाच्या पेट्या) यांचे फोटो भरपूर काढा, पण शेड तिथून उचलू नका, उघड्यावर ठेवलेल्या टँकवर रंग पुन्हा पुन्हा मारलेला असतो.

मॉडेलला हात लावण्याआधी प्लास्टिकच्या चमच्यांवर चारही प्रायमर मारा, वर तुमचाच पिवळा आणि तुमचाच हिरवा एकाच जाडीचा मारा, आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी ठेवून फोटो टाका. मग कुठला डबा वापरायचा ते नक्की करू.