डॉलरचं सोडा, ती पॉलिसी आधी बघू

चिंचवडच्या एका वाचकांचा लांबलचक मेल आलाय, थोडक्यात सांगतो. नवरा-बायको दोघंही नोकरीत, महिन्याला हातात दीड लाख, घराच्या लोनचे 42 लाख बाकी, ईएमआय 38 हजार. एफडीत 4 लाख. दोघांचे बोनस मिळून वर्षाला दीड लाख. मुलगा 12 चा, मुलगी 8 ची. पुढच्या वर्षी मे मध्ये चौघांनी ऑर्लँडोला जायचं, डिस्ने आणि युनिव्हर्सल करायचं, तिथून हवाई, एकूण 11 रात्री, बजेट 9 लाख. विचारलंय एवढंच की डॉलर आत्ता घेऊन ठेवू का खाली यायची वाट बघू. आणि अगदी शेवटी, जाता जाता: "पैशाचं टेन्शन नाही, बँकेतल्या आरएमनी (रिलेशनशिप मॅनेजर) जून 2023 ला पॉलिसी करून दिलीये, वर्षाला 3 लाख, तीन हप्ते झाले, ते 9 लाख काढायचे आणि निघायचं."

डॉलरचं आधी उरकतो. तिकडचा खर्च साधारण 8 हजार डॉलर होईल, म्हणजे डॉलर दोन रुपये इकडे-तिकडे झाला तर फरक 16 हजारांचा. 2014 ला डॉलर साठच्या आसपास होता, आता नव्वद धरून चला, त्यामुळे खाली येईल म्हणून बसून राहू नका. जायच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांत तीन-चार टप्प्यांत फॉरेक्स कार्ड (आधीच डॉलर भरून ठेवायचं कार्ड) भरा. रोजचं क्रेडिट कार्ड तिकडे घासू नका, बहुतेकांवर 2 ते 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) लागतो आणि त्या मार्कअपवर परत जीएसटी.

आता ते 9 लाख. ते नाहीयेत हो!

तुम्ही पॉलिसीचा कागद जोडलाय म्हणून बरं झालं. 10 वर्षं 3-3 लाख भरायचे आणि 20 व्या वर्षी 70 लाख मिळणार. ही एफडी नाही, विमा आणि बचत एकत्र असलेली साधी पारंपरिक पॉलिसी आहे, आणि मधेच मोडली तर काय मिळतं याचा तक्ता त्याच कागदात मागच्या पानावर आहे, जो आरएमनी दाखवला नाही आणि तुम्ही उघडला नाहीत. तुमची पॉलिसी 1 ऑक्टोबर 2024 चे नवे सरेंडरचे (पॉलिसी मधेच मोडायचे) नियम यायच्या आधीची, म्हणजे जुना हिशोब: तिसऱ्या वर्षात मोडली तर भरलेल्याच्या किमान 35 टक्के, चौथ्यापासून सातव्यापर्यंत 50 टक्के. म्हणजे आज मोडली तर सव्वातीन लाखांच्या आत, जूननंतर साडेचार. 9 लाख भरून साडेचार! आरएमनी "तीन साल बाद निकाल लेना सर" असं व्हॉट्सअ‍ॅप केलं, तो मेसेज डिलीट करू नका, पुढे लागणारे.

"30 चे 70 होतात, दुपटीच्या वर" असं पण तुम्ही लिहिलंय. होतात, पण 20 वर्षांत. परतावा पडतो वर्षाला साडेपाच टक्के. पीपीएफ 7.1 देतंय, तेही टॅक्स फ्री, आणि ते विकायला तुमच्या घरी कोणी मिठाईचा बॉक्स घेऊन येत नाही कारण त्यात कमिशन नाही.

मग मोडायची का? इथे बहुतेक लोक रागाच्या भरात मोडून टाकतात. तुम्ही मोडू नका. हप्ते बंद करा आणि पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढे काही भरायचं नाही आणि मुदत संपल्यावर भरल्याच्या प्रमाणात मिळतं. दहातले तीन हप्ते भरलेत, तर ढोबळमानाने 70 लाखांचे तीन दशांश, 20-21 लाख. (कंपनीकडून हा आकडा लेखी मागवा, काही पॉलिसींत दरवर्षी जमा होणारी भर, म्हणजे पुढची अ‍ॅडिशन्स बंद होतात आणि आकडा बराच कमी निघतो.) आता बघा, साडेचार लाख घेऊन बाहेर पडलात तर त्या साडेचारचे 17 वर्षांत 20 लाख करायला वर्षाला 9 टक्के लागतात, टॅक्स जाऊन, खात्रीचे. कुठे मिळणारेत? म्हणून आकडा 20 च्या जवळ आला तर पडून राहू दे. 11-12 आला तर खुशाल मोडा. आणि उरलेले सात हप्ते भरत राहायचं म्हणाल तर त्या नव्या 21 लाखांवर सहा टक्क्यांच्या आसपास सुटतात, तेवढ्यासाठी अजून सात वर्षं अडकायचं कारण नाही.

पण पेड-अप करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही मला ट्रिपपेक्षा जास्त खटकली. तुमच्या आयुष्यावर सगळं मिळून कव्हर 30 लाखांचं, तेही याच पॉलिसीतलं, आणि लोन 42 लाखांचं. उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही बायकोच्या डोक्यावर 12 लाख राहतात, मुलांचं शिक्षण वेगळंच. वर्षाला 3 लाख हप्ता भरणाऱ्या माणसाची ही अवस्था! पेड-अप केल्यावर ते कव्हर पण घटून 9 लाखांवर येईल. म्हणून आधी दीड कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, बचत नाही), तुमच्या 38 व्या वर्षी वर्षाला 25-30 हजारांत बसेल, सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी पण नाही. तो हातात आल्यावरच बाकीचं.

ट्रिपचं बजेट पण जरा स्वप्नातलं आहे. विमानाची तिकिटंच मे मध्ये चौघांची 5 लाखांच्या घरात, व्हिसा माणशी 185 डॉलर म्हणजे 65-70 हजार आणि नाकारला तरी परत नाही, पार्कचं एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे साधारण 120 ते 200 डॉलर, चार दिवस चौघं म्हणजे दोन लाखांच्या वर, मग हॉटेलं, गाडी, पार्किंग, जेवण, त्यावर टीप, विमा. साडेबारा लाख धरा, आणि तेही हवाई काढून. ऑर्लँडोहून होनोलुलू साडेसात हजार किलोमीटर आहे, घड्याळ परत सहा तास मागे, पोरं पहिले दोन दिवस झोपूनच काढतील. बेटच हवंय तर पोर्तो रिको करा: ऑर्लँडोहून सान हुआन तीन तासांच्या आत, अमेरिकेचाच भाग असल्यामुळे वेगळा व्हिसा नाही, चलन तेच, जंगलासाठी एल युन्के आणि पाण्यासाठी कुलेब्रा बेटावरचा फ्लेमेंको बीच. मे मध्येच जा, 1 जूनपासून तिकडे चक्रीवादळांचा सीझन सुरू होतो.

आणि मुलगी 10 ची व्हायच्या आत जायची घाई मेलमध्ये दिसते, ती कशाला, "हाफ तिकीट" म्हणून? डिस्नेत 3 ते 9 वयाचं तिकीट मोठ्यांपेक्षा जेमतेम पाच-सात डॉलर स्वस्त असतं. एसटी नाहीये ती.

त्यामुळे पुढचा मे नाही, त्याच्या पुढचा. हप्त्याचे वाचलेले महिना 25 हजार आणि वर 15 हजार अजून, असे 40 हजार दोन वर्षं आरडीत टाका, साडेनऊ होतात, दोन वर्षांचे बोनस धरून साडेबारा. शेअर बाजारात टाकू नका, दोन वर्षांचा पैसा आहे. एफडीच्या 4 लाखांना हात नाही. आरएम आता "पॉलिसीवर लोन घ्या सर" म्हणेल, स्वतःचेच पैसे व्याजानी घ्यायची ही आयडिया त्यालाच लखलाभ. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस (कंपनीनी आगाऊ घेतलेला टॅक्स) कापला जाईल, तो बुडत नाही, रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर अडकतो, तेवढी सोय वेगळी ठेवा.

तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडून आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर, तरी दाद नाही मिळाली तर विमा लोकपाल, पुण्यातच ऑफिस आहे आणि फी लागत नाही. तीन वर्षं होत आल्यामुळे फार आशा ठेवू नका, पण लेखी पुरावा असलेले लोक कमी असतात आणि तुम्ही त्यातले आहात.

हप्ता खात्यातून ऑटो डेबिट होतो का ते या आठवड्यातच बघा. होत असेल तर टर्म प्लॅन हातात आल्याबरोबर, जूनच्या आधी, ते मँडेट (बँकेला दिलेली कापायची परवानगी) बंद करा आणि बंद झाल्याचा मेल ठेवा, तोंडी सांगितलेलं बँकेत कुणाला आठवत नाही.